चाल आधी, शब्द नंतर आणि सही सगळ्यात शेवटी

दोन वर्षांमागं बेळगावजवळच्या कडोलीच्या साहित्य संमेलनातनं बाहेर पडताना खानापूर भागातला एक पोरगा माझ्या मागं मागं आला. हातात दोनशे पानी वही. म्हणाला, "सर, यात दीडशे गाणी हाईत, सगळी पिक्चरसाठी लिवल्यात, कुणाला दाखवायची सांगतासा काय?" मी उभ्या उभ्या चाळली, तीन-चार तर खरंच झ्याक होती, आणि तरी त्याला सांगावं लागलं की बाबा यातलं एकही गाणं बहुतेक सिनेमात जाणार नाही. पोरगं पार हिरमुसलं. त्या दिवशी चहा पिता पिता त्याला जे सांगितलं आणि राहिलेलं नंतर फोनवर सांगितलं, ते सगळं एकदाच लिहून टाकतोय, कारण बेळगाव, निपाणी, चिकोडीकडनं हाच प्रश्न वरचेवर येतो आणि दरवेळी पहिल्यापासनं सांगून माझाच घसा बसतो.

मी काही मोठा गीतकार नाही हे आधीच सांगतो. दिवसा डीटीपीचं काम करतो, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, आणि उरलेल्या वेळात गाणी. भक्तिगीतं, शिवजयंतीच्या चित्ररथाची गाणी, एका मालिकेचं शीर्षकगीत, दोन मराठी पिक्चरमध्ये मिळून तीन गाणी, एवढाच हिशोब. पण पोळलोय भरपूर, त्यामुळं कुठं पोळतं ते सांगू शकतो.

तर वहीतलं गाणं का चालत नाही? कारण सिनेमात आधी गाण्याची जागा तयार होते आणि मग गाणं. दिग्दर्शक तुम्हाला बसवून गोष्ट सांगतो, कोण कुणाला काय म्हणतंय, या गाण्याआधी काय झालं आणि नंतर काय होणार, याला सिच्युएशन म्हणतात. त्या माणसाच्या तोंडात जे शोभेल तेच लिहायचं. तुमच्या वहीतली प्रेयसी चंद्र-चांदण्यात असते आणि पिक्चरमधली पोरगी तंबाखूच्या वखारीत कामाला जाते, तिच्या तोंडी "रजनीगंधा" घातलात तर थेटरात लोक हसतील. वही दाखवायचीच तर नमुना म्हणून दाखवा, हा माणूस शब्द कसे वापरतो हे कळण्यापुरती. विकायला नेऊ नका.

दुसरी गोष्ट जी कवी लोकांना फार टोचते, ती म्हणजे बहुतेक वेळा चाल आधी असते. संगीतकार व्हॉट्सॲपवर तीस-चाळीस सेकंदांचा तुकडा पाठवतो, त्यात तो "ला ला ला" म्हणतो नाहीतर काहीतरी अर्थहीन शब्द कोंबतो, त्याला डमी म्हणतात, आणि त्या डमीच्या मापात आपले शब्द बसवायचे. या मापाला धंद्यात मीटर म्हणतात. आमच्या संमेलनातले काही ज्येष्ठ कवी हे ऐकलं की नाक मुरडतात, चालीला शब्द जुंपणं म्हणजे हमाली वगैरे. मला हे पटत नाही, आणि ते आपल्या जिल्ह्यात बसून म्हणावं हे तर अजिबातच नाही, कारण मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या सौंदत्तीकडल्या गुर्लहोसूरचे, १८४३ चा जन्म, आणि १८८० साली त्यांनी पुण्यात शाकुंतल उभं केलं तेव्हापासनं नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर "चाल" म्हणून कुठल्या चालीवर ते म्हणायचं हे छापायची पद्धत होती. त्या चालींत कानडी पदांच्या चालीही होत्या. म्हणजे ऐकलेल्या चालीत नवे शब्द बसवणं हा आपल्याकडं दीडशे वर्षांचा जुना धंदा आहे, मुंबईवाल्यांनी काल काढलेला नाही.

आता हे प्रत्यक्षात कसं होतं ते एका ओळीवर दाखवतो, कारण नुसतं "मीटर सांभाळा" म्हणून कुणाच्या डोक्यात काही शिरत नाही.

सिच्युएशन अशी होती. खानापूरच्या डोंगरातलं गाव, पाऊस, आणि एक तरुण गोव्याला कामाला निघालाय, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटातनं. बायको उंबऱ्यात उभी. चाल आली त्यात मुखड्याची पहिली ओळ शेवटी वर चढत होती, शेवटचे दोन सूर असे की एक छोटा आणि त्यानंतर एक लांबलचक, वरच्या सा वर जाऊन थांबणारा. मी लिहिलं "पावसात भिजली वाट". अर्थ बरोबर, पण शेवटचा लांब सूर रिकामाच राहिला, त्याला शब्द नाही. मग लिहिलं "पावसात भिजली वाट ही". मापात चपखल! मी खूश. संगीतकाराचा फोन आला, म्हणाला ही ओळ तू स्वतः म्हणून बघितलास का? म्हणून बघितली आणि लक्षात आलं, वरच्या सुरावर "हीऽऽऽ" ओढताना गळा आवळल्यासारखा होतो. चांगली गायिका तेही निभावून नेईल, पण मोकळा "आ" मिळाला तर आवाज जसा फुलतो तसा "ई"वर फुलत नाही. म्हणून मग "पावसात भिजल्या वाटा". शेवट "आ"वर, गळा मोकळा, संगीतकार खूश. आता दिग्दर्शक अडला. म्हणाला वाटा कशा? तो एकाच वाटेनं चाललाय, आणि ती एकच वाट मी कॅमेऱ्यात दाखवणारे, ही एक वाट हेच तर तिचं दुःख आहे. हेही बरोबरच.

दोन दिवस डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत दूधवाला कुणालातरी ओरडत होता, "अरे कुठं जाऊलालास गा?" आणि तिथंच ओळ मिळाली. "पावसात भिजली वाट गा." वाट एकच राहिली, शेवट मोकळ्या "आ"वर गेला, आणि बायको नवऱ्याला हाक मारतीय हे फुकटात आलं, वर ती आपल्या भागातली आहे हे एका अक्षरात कळलं. पुढं स्टुडिओत पुण्याच्या गायिकेनं विचारलं की "वाट गा" म्हणजे काय, वाट गायची का? सगळे हसले, तिला सांगितलं की आमच्याकडं गडीमाणसाला "गा" म्हणून हाक मारतात, मग तिनं तो सूर असा लावला की मी गप्पच झालो.

हे एवढं लांबण लावलं कारण गीतकाराचं काम म्हणजे हेच आहे, तीन माणसांच्या तीन अडचणी एका ओळीत सोडवायच्या. गळ्याची अडचण, कॅमेऱ्याची अडचण आणि अर्थाची. कविता लिहिताना यातली एकच असते.

बाकी कारागिरी सरावानं येते. मुखडा म्हणजे पुन्हा पुन्हा येणारं तोंड, त्यातला जो तुकडा लोकांच्या ओठावर बसतो तो हुक, मग अंतरे, आणि अंतरा संपताना परत मुखड्याकडं नेणारी ओळ असते तिला क्रॉस लाइन म्हणतात, ही ओळ नवीन माणसाची हमखास फसते. मुखडा एक नाही, पाच-सहा लिहून न्यायचे, चार नाकारले जाणारच, राग धरायचा नाही. ज्या दिवशी गायक-गायिका गाणार त्या दिवशी शक्यतो स्टुडिओत हजर राहायचं, भाड्याचे पैसे स्वतःचे गेले तरी चालतील. हिंदीतल्या आवाजांना आपला "ळ" जमत नाही, "डोळे"चं "डोले" होतं आणि मग जन्मभर तेच ऐकत बसावं लागतं. या "ळ"च्या बाबतीत आपण सीमाभागातली माणसं नशीबवान, घरात मराठी आणि दारात कानडी, दोन्हींत ळ दणदणीत.

आणि हो, आपली बोली लपवू नका. मी सुरुवातीची चार-पाच वर्षं पुण्याची मराठी लिहायचा आटापिटा केला आणि ती पुण्यातले लोक माझ्यापेक्षा चांगली लिहितात हे कळायला तेवढीच वर्षं गेली.

काम कुठनं येतं? मुंबईला जाऊन राहावंच लागतं का, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. पूर्वी कोल्हापूरच चित्रनगरी होती, प्रभात कंपनी १९२९ साली तिथंच निघाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. जगदीश खेबुडकरांनी शिक्षकी करत करत कोल्हापुरात राहून ढिगानं गाणी लिहिली. आपल्याच राज्यातलं, म्हणजे कर्नाटकातलं बघायचं तर गोकर्णचे जयंत कायकिणी, आज कन्नड सिनेमागीतांत केवढं नाव, पण त्याआधी ते मुंबईत औषध कंपनीत बायोकेमिस्ट होते. ग. दि. माडगूळकरांनी गाणीच नाही तर कथा-पटकथाही लिहिल्या, कामंही केली. म्हणजे निव्वळ गाण्यावर घर चालवणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके, बाकी सगळ्यांचं दुसरं काहीतरी असतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

मला विचाराल तर निर्मात्यांच्या मागं फिरू नका, संगीतकार शोधा. तोही तुमच्यासारखा नवा, कोल्हापूर-सांगलीतला, नाहीतर आपल्याच गल्लीतला कीबोर्ड वाजवणारा. त्याच्याबरोबर मंडळाची गाणी करा, जाहिरातीची जिंगल करा, निवडणुकीतली प्रचारगीतं तर सगळ्यात चांगली शाळा, रात्री अकराला उमेदवाराचा माणूस येतो आणि सकाळी सातला रिक्षावर गाणं वाजलं पाहिजे म्हणतो. त्यात मीटर आपोआप येतं. आणि पुढं तो संगीतकार पिक्चरला लागला की त्याच्याबरोबर तुम्हीही जाता, माझं तसंच झालं. मुंबईला सिटिंगला, म्हणजे संगीतकार-दिग्दर्शकाबरोबर गाण्यावर बसायला जायचं झालं तर हुबळी-दादर गाडी आहेच, रात्रीत मुखडे पाठ करायला वेळही मिळतो.

आता पैसे. इथं नीट लक्ष द्या, कारण चांगले चांगले इथंच गंडतात.

गाण्याचे पैसे दोन वेगळ्या पिशव्यांतनं येतात. एक फी, जी निर्माता एकदाच देतो. दुसरी रॉयल्टी, जी गाणं वाजत राहील तोवर थोडी थोडी येत राहते. शेतीचं उदाहरण घ्या. शेत विकलं की रक्कम एकदा येते आणि विषय संपतो. वाट्यानं लावलं तर दरवर्षी पीक येईल त्यातला वाटा दारात. गाण्यात गंमत अशी की शेत दुसऱ्याच्या नावावर करून दिलं तरी पिकातला तुमचा वाटा कायद्यानं तुमच्याकडंच राहतो.

नेहमी असं नव्हतं. १९७७ साली सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला, त्याचा अर्थ असा निघाला की निर्मात्यानं पैसे देऊन पिक्चरसाठी गाणं लिहून घेतलं आणि करारात उलट काही लिहिलेलं नसेल, तर गाण्याचा पहिला मालक निर्माता. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी संगीतकार-गायकांसारख्या कलाकारांचं काय म्हणून वेगळी टीप जोडली होती, पण कायदा बदलायला २०१२ उजाडलं. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी हा विषय लावून धरला. कॉपीराइट कायदा मूळ १९५७ चा, त्यातली ही दुरुस्ती २१ जून २०१२ पासनं लागू झाली. त्यात साध्या भाषेत सांगायचं तर असं आहे की गाण्याचा हक्क तुम्ही कंपनीला लिहून दिला तरी रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा मागायचा तुमचा हक्क तुम्हाला सोडताच येत नाही. सोडला असं कागदावर लिहून सही केली तरी तो भाग रद्द. तो हक्क फक्त दोघांकडं जाऊ शकतो, एक म्हणजे तुमचे वारस आणि दुसरी म्हणजे वसुली करणारी कॉपीराइट सोसायटी.

एक अपवाद. थेटरात पिक्चरबरोबर गाणं वाजलं त्याची रॉयल्टी नाही. पण रेडिओ, टीव्ही, मोबाइलवरची ॲप, हॉटेल, मॉल, तिकिटाचा ऑर्केस्ट्रा, इथं वाजलं की वाटा लागू. धार्मिक विधी आणि लग्नाच्या वरातीला मात्र कायद्यात सूट आहे, म्हणजे तुमच्या गाण्यावर अख्खी वरात खडेबाजारातनं नाचत गेली तरी खिशात काही पडत नाही, फक्त कॉलर ताठ होते.

हे पैसे गोळा कोण करतं? गीतकार-संगीतकारांची सोसायटी आहे, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, सगळे आयपीआरएस म्हणतात, १९६९ पासनं आहे. जिथं जिथं गाणी वाजतात तिथनं ती लायसन्सचे पैसे घेते आणि सभासदांना वाटते. ढोबळ हिशोब असा की शंभर रुपये आले तर पन्नास हक्क असलेल्या कंपनीला, पंचवीस संगीतकाराला, पंचवीस गीतकाराला. गाणी रिलीज झाली असतील तर सभासद होता येतं, पण नुसतं सभासद होऊन भागत नाही, प्रत्येक गाणं तिथं आपल्या नावावर नोंदवावं लागतं. शेत आपलं असून उपयोग काय, उताऱ्यावर नाव पाहिजे, तसंच हे.

आणि नावावरनं माझंच सांगतो. माझ्या पहिल्या गाण्याला लोकगीताचा बाज होता. पिक्चर आला, गाणं ऑनलाइन चढलं, मी हौसेनं बायकोला दाखवायला उघडलं तर खाली गायक आहे, संगीतकार आहे आणि गीत म्हणून लिहिलंय "पारंपरिक". म्हणजे मी जन्मायच्या आधीपासनं ते गाणं जात्यावर म्हणत होते जणू! गाणं चढवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात कुणीतरी फॉर्म भरताना ऐकून ठोकून दिलेलं, वाईट हेतू नव्हता, पण गाणं पारंपरिक ठरलं की गीतकाराचा वाटा कुणाच्या नावानं निघणार? दुरुस्त करून घ्यायला आठ महिने लागले. कामाला आलं ते एकच, मी शब्द पाठवलेली ई-मेल तारखेसकट जपून ठेवली होती. तेव्हापासनं प्रत्येक मुखडा, अगदी नाकारलेलासुद्धा, फोनवर वाचून दाखवला तरी मागनं मेल करतोच.

कॉपीराइट लिहिल्या क्षणी आपोआप मिळतो, नोंदणीची सक्ती नाही. तरी मनाला धीर हवा असेल तर मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन गाणी ऑनलाइन नोंदवता येतात. गीतकाराचा हा हक्क हयातभर आणि मेल्यानंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे नातवंडंसुद्धा नाव काढतील, निदान बँकेत तरी.

सहीचा कागद समोर आला की काय बघायचं? पहिलं, गाण्याचं नाव किंवा निदान पहिली ओळ त्यात आहे का, का "सर्व गीते" असं मोघम आहे. किती वर्षांसाठी आणि कुठल्या देशांसाठी ते बघा, कायदा असा की मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरतात आणि जागा लिहिलेली नसेल तर फक्त भारत, म्हणून मोठ्या कंपन्या "कायमस्वरूपी, संपूर्ण जगात" असं हमखास छापतात. नाव कुठं कुठं लागणार, पिक्चरच्या श्रेयनामावलीत, पोस्टरवर, ऑनलाइन, हे स्पष्ट लिहून घ्या, यावर कुणी फारसं भांडत नाही पण मागितलं नाही तर देतही नाही. फीचा निम्मा भाग शब्द पास झाल्यावर आणि उरलेला रेकॉर्डिंगच्या दिवशी, रिलीजनंतर अजिबात नको, कारण अर्धे पिक्चर रिलीजच होत नाहीत. आणि कागद घरी न्यायला देत नसतील, "आत्ताच सही करा, साहेबांची फ्लाइट हाय" म्हणत असतील, तर मी तरी उठतो. एकदा नव्हतो उठलो, त्याचे पैसे अजून यायचेत.

त्या पोराचं सांगायचं राहिलं. मधे वर्षभर त्याचा पत्ता नव्हता. मग गेल्या महिन्यात रात्री साडेबाराला मेसेज, "सर, कोल्हापूरच्या एका संगीतकारानं चाल पाठवल्या, शॉर्ट फिल्म हाय, मुखडा लिवलाय, बघतासा काय?" खाली चालीचा तुकडा आणि त्याचा मुखडा. चाल ऐकली, शेवटचा सूर वर चढून लांब थांबत होता. मुखडा वाचला. पहिली ओळ "ही"वर संपत होती. मी फक्त एवढंच टाइप केलं, "मोठ्यानं म्हणून बघ."

बराच वेळ निळ्या खुणा नुसत्याच. मग एक व्हॉइस नोट आली, त्यात आधी ओळ, मग जोरात खोकला, आणि मागनं त्याच्या आईचा आवाज, "अरे मध्यरात्री काय ओरडूलालास गा!"